चौथ्या सीटचं भांडण

पुणे–लोणावळा लोकल बेगडेवाडी सोडून घोरावाडीला लागते, तेव्हा गर्दीच्या वेळी बाकावर चौथा कसाबसा टेकलेला असतो. ‘जरा सरका’वरून ठिणगी पडते ती इथेच. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये मांडलं, की सुमारे 45 सेंटिमीटरच्या आत माणूस फक्त जिवलगांना येऊ देतो. लोकलमध्ये परका खांदाच तिथे घुसतो. मग सगळे खिडकीबाहेर नाहीतर मोबाइलमध्ये बघतात.

तेव्हा समोरासमोर छाती काढून उभं राहू नका. थोडं तिरकं व्हा, बोट रोखू नका, आवाज उतरवा. ‘दादा, पाय दुखतायत, कामशेतपर्यंत टेकू द्या’ म्हटलं, की कपाळावरच्या आठ्या जरा तरी सैल होतात.

‘संवादात 93 टक्के देहबोली’ हे मात्र विसरा. अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग सुट्या शब्दांमागची आवड-नावड ओळखण्यापुरते होते. शिवाय त्या 93 मधले 38 आवाजाचे. व्याख्यानबाजांनी ते सगळ्या बोलण्याला चिकटवलं. शिवी हसून दिली तरी शिवीच.

प्रकरण हातघाईवर आलंच, तर रेल्वेची मदतवाहिनी आहे: 139.