मोटारसायकलचा क्रँकशाफ्ट : रचना आणि बिघाड

पिस्टनची वर-खाली हालचाल चाकाला लागणाऱ्या फिरतीत बदलणारा भाग म्हणजे क्रँकशाफ्ट. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार, डेअरीला दुधाचे कॅन पोचवणारे शेतकरी अशा शिरूर-दौंडच्या माणसांची ये-जा मुख्यतः एका सिलिंडरच्या गाड्यांवर चालते. अशा गाडीत सगळा भार एकाच क्रँकपिनवर, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड जिथे जोडतात त्या पिनवर, येतो. ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरमध्ये सिलिंडरचा व्यास ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५ मिमी, म्हणजे पिन शाफ्टच्या मध्यापासून २४.७५ मिमी दूर असते. जुन्या ३५० सीसी बुलेटमध्ये हेच आकडे ७० आणि ९० मिमी आहेत. लांब स्ट्रोकमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टनला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून असे इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देईल असे बेततात.

रांजणगावच्या फियाट कारखान्यात बनणाऱ्या कारच्या इंजिनात क्रँकशाफ्ट एकसंध असतो आणि कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक दोन भागांत उघडते. एका सिलिंडरच्या मोटारसायकलमध्ये बहुधा याच्या उलट असते. रॉड अखंड, तर शाफ्ट जुळवलेला. दोन वेब (पिनच्या दोन बाजूंच्या चकत्या), मधे क्रँकपिन आणि पिनवर रोलर बेअरिंग. पिन वेबमधल्या भोकापेक्षा किंचित जाड ठेवून प्रेसवर दाबून बसवतात. तिला धरून ठेवते ती केवळ ही घट्ट बसणी.

या जोडावर येणारे बळ मोठे असते. २००१ साली आलेल्या पल्सर १५० मध्ये सिलिंडरचा व्यास ५७ मिमी होता. ज्वलनाचा दाब चौरस सेंटिमीटरला ५० किलो धरला, तरी पिस्टनवर सुमारे सव्वा टन भार येतो. आठ हजार आरपीएमला स्ट्रोकच्या वरच्या टोकाशी पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पटींपर्यंत जाते. पिस्टन, त्याची स्वतःची पिन आणि रिंगा मिळून २०० ग्रॅम धरल्या, तर त्यांची ओढ ५०० किलोच्या घरात भरते.

ही ओढ हादरा बनून चालकापर्यंत पोचू नये म्हणून वेबवर क्रँकपिनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवतात. त्याने फिरणारे वस्तुमान पूर्ण तोलले जाते, वर-खाली होणारे मात्र साधारण निम्मेच. ते पूर्ण तोलायला गेले, तर हादरा नाहीसा न होता उभ्याचा आडवा होतो. म्हणून चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या इंजिनांत उलट दिशेने फिरणारा वेगळा बॅलन्सर शाफ्ट असतो.

वेब घडीव पोलादाचे असतात. तापून लाल झालेला पोलादाचा तुकडा साच्यात दाबला की धातूचे तंतू भागाच्या आकाराप्रमाणे वळतात आणि ताण सोसण्याची ताकद वाढते. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्जने, स्थापना १९६१, वाहनांच्या अशाच घडीव क्रँकशाफ्टमधून जगभर नाव कमावले. क्रँकपिनचा पृष्ठभाग कार्बन मुरवून कडक करतात, गाभा चिवट ठेवतात.

इतके करूनही शाफ्ट तुटतो, आणि त्याचे कारण एखादा मोठा धक्का क्वचितच असतो. ५,००० आरपीएमला तासात तीन लाख फेरे होतात, तेहेतीस तासांत सुमारे एक कोटी. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की, पोलाद एका घावात मोडणार नाही इतक्या कमी ताणानेही वारंवार वाकवल्यास मोडते. मात्र ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर ते अशा कोट्यवधी फेऱ्या झेलते. डिझाइनर ही मर्यादा पाळतो. ती ओलांडली जाते ती ताण एकवटणाऱ्या जागी: शाफ्टचा व्यास बदलतो तो कोपरा, तेलाचे भोक, मॅग्नेटोच्या चावीची खाच, पिनच्या बसणीची कड. म्हणून कोपरे गोलाईदार ठेवतात. लेथच्या हत्याराचा एक ओरखडाही तिथे भेगेची सुरुवात ठरतो.

रोजच्या वापरात आधी जाते ते बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचे, बेअरिंग. अशा गाड्यांत जेमतेम लिटरभर तेल इंजिन, क्लच आणि गिअर तिघांनाही पुरवायचे असते. स्प्लेंडरच्या शाफ्टच्या टोकाशी फिरणारा गाळक असतो. तो कचरा कडेला फेकतो, पण साफ केला नाही तर त्याची क्षमता संपते. उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ, पातळ झालेले तेल आणि गाडीवर लादलेले कॅन एकत्र आले की रोलर खरवडले जातात आणि खालून ठक-ठक आवाज येऊ लागतो. पावसात भरलेल्या ओढ्यातून गाडी घातली आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर पाणी दबत नसल्याने रॉड वाकतो. इंजिन अचानक सीझ झाले, तर पिन वेबमध्ये सरकते.

उरलेले नुकसान दुरुस्तीत होते. मॅग्नेटो पुलरशिवाय हातोडीने ठोकून काढला, तर शाफ्ट सरळ राहत नाही. रॉड किट बदलताना शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावावा लागतो. दोन्ही टोके मिलिमीटरच्या काही शतांशांत एका रेषेत आली तरच मुख्य बेअरिंगे टिकतात. रॉडला बाजूने थोडी मोकळीक हवी, वर-खाली मात्र अजिबात नको. ही तपासणी, वेळेवर बदललेले तेल आणि साफ केलेला गाळक एवढे सांभाळले, तर शाफ्टवरचा ताण डिझाइनरने ठरवलेल्या मर्यादेतच राहतो.