चेंबरची डागडुजी

मोटारीच्या अंगोपांगांत ज्याच्या वाट्याला कौतुकाचा एक शब्दही कधी आला नाही असा कोणता अवयव असेल, तर तो इंजिनच्या तळाशी टांगलेला तेलाचा चेंबर. पिस्टनच्या मापावरून पैजा लागतात, गिअरच्या आवाजावरून वाद रंगतात; परंतु ज्या भांड्यातल्या तीन-चार लिटर तेलावर या साऱ्या मंडळींचा निर्वाह चालतो, त्याची विचारपूस घाटातल्या एखाद्या सुट्या दगडाने किंवा ग्रामस्थांनी वेशीवर परस्पर उभारलेल्या गतिरोधकाने त्याचा कपाळमोक्ष केल्याखेरीज कोणी करीत नाही.

पूर्वी हे चेंबर बहुधा पोलादी पत्र्याचे असत. पत्रा मार खाऊन चेपतो, फुटत नाही. मात्र चेप फार आत गेला की तो तेल ओढणाऱ्या जाळीला भिडतो आणि बाहेरून थेंबही गळत नसताना पंप उपाशी राहतो. आता पुष्कळ इंजिनांना ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर असतो. तो वजनाला हलका, ताठ, आणि आवाजही कमी करणारा. पण दगड लागला की सरळ तडकतो आणि दोन मैलांत रिता होतो.

तेल दाबाखाली खेळविण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील अल्बर्ट पेन याने 1890 साली वाफेच्या इंजिनासाठी तिचे पेटंट घेतले. आणि तरीही 1908 सालची फोर्डची मॉडेल टी पंपावाचून, नुसत्या उडणाऱ्या तेलावर, वर्षानुवर्षे धावली. दाब आला तेव्हा त्याचे मापन ओघाने आले, आणि त्यासाठी पॅरिसच्या यूजेन बूर्दोंने 1849 सालीच वाकडी नळी सिद्ध करून ठेवलेली होती. पुढे खर्चाच्या हिशेबाने काट्याच्या मीटरची जागा तांबड्या दिव्याने घेतली, आणि हा बदल माझ्या मते तोट्याचाच झाला. गरम इंजिन रस्त्यावर धावत असता तेलाचा दाब सामान्यतः दोन ते चार बार असतो; दिव्याचा स्विच मात्र तो अर्ध्या बारच्याही खाली उतरल्यावर जागा होतो. म्हणजे हा दिवा गुन्हा उरकल्यावर पंचनाम्याला हजर होणारा फौजदारच. म्हणूनच चेंबर एकदा फुटून वेळीच सावरलेला गाडीमालक दुरुस्तीबरोबर काट्याचीही तजवीज करा म्हणून सांगतो, आणि मिस्त्रीसमोर एकाऐवजी दोन कामे येतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे ओतकाम आणि लेथकाम हा नित्याचा व्यवहार आहे, असा चेंबर मेजावर आला की पहिला सारा वेळ धुण्यातच जातो. लोखंडी भागांसाठी वापरला जाणारा कॉस्टिकचा उकळता हौद येथे वर्ज्य, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. धुऊन, सुकवून बाहेरच्या अंगाला खडूची पूड चोळतात आणि आत रॉकेल फिरवितात. थोड्याच वेळात पांढऱ्या पुडीवर एक काळसर रेघ उमटत जाते, आणि डोळ्यांना दोन इंच दिसणारी तडक प्रत्यक्षात कोठवर पोहोचली आहे याचा उलगडा होतो. त्या रेघेच्या दोन्ही टोकांशी तीन मिलिमीटरचे भोक पाडतात. तडकेच्या अणकुचीदार टोकाशीच सारा ताण एकवटलेला असतो. ते गोल केल्यावाचून जोड दिला, तर तडक जोडाच्या पलीकडून पुढे सरकते.

खरी कसोटी त्यानंतरची. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्यावरचा भस्माचा अदृश्य पापुद्रा 2000 अंशांच्या वर गेल्याखेरीज दाद देत नाही. तेव्हा पापुद्रा तसाच राहून आतली धातू भसकन खाली कोसळणे हे नवशिक्याच्या हातचे ठरलेले. नॉर्थ्रॉप विमान कारखान्यातील रसेल मेरेडिथ याने 1941 च्या सुमारास हेलियमच्या आवरणाखाली टंगस्टनची ठिणगी पेटविण्याची रीत बसविली, तिचीच पुढची पिढी म्हणजे आजचे आरगॉन वेल्डिंग. त्यात एसी करंटच्या उलट्या फेऱ्यात पापुद्रा फुटतो, सुलट्या फेऱ्यात धातू वितळते. परंतु ओतीव धातूच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, त्याला कोणताच करंट पुरा पडत नाही. ठिणगी टेकताच काळे बुडबुडे वर येतात. पोरगा सळई पुढे करतो तेव्हा मिस्त्री म्हणतात, “आरं, आजून त्याल हाय पोटात. थांब जरा.” मग ते काळे खरवडून काढायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा खरवडायचे, धातू चांदीसारखी चकाकली की मगच सळई. चेंबर या अवधीत जाड प्लेटवर बोल्टांनी आवळलेला असतो, नाहीतर उष्णतेने त्याची बैठक वाकते आणि पॅकिंग कधीच धरत नाही. जेथे तडक गिअरबॉक्सच्या बोल्टांच्या कानांत शिरली असेल, तेथे चांगला मिस्त्री काम साफ नामंजूर करतो; पुट्टीची मलमपट्टी तर केवळ घर गाठण्यापुरती.

दुसरे काम काट्याला दाब कळविणाऱ्या सेन्सरचे; ते दिसायला सोपे आणि म्हणून अधिक बिघडणारे. चेंबरात स्वतःचा दाब जवळपास नसतोच. दाब असतो पंप आणि फिल्टर यांच्या पुढच्या गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलवाहिनीत. तेव्हा सेन्सरची जागा बदलली तरी तेल घ्यायचे ते गॅलरीतूनच. काट्याचा सेन्सर वजनदार; तो पितळी टीवर थेट इंजिनाला टांगला, की थरथरीने आट्यांच्या मुळाशी मोडतो, आणि खाली लोंबत असेल तर चेंबर फोडणारा दगड त्यालाही सोडत नाही. म्हणून तो टीसकट बॉडीवर, उंच जागी बसवून गॅलरीपासून तेथवर जाळीदार होज नेतात, आणि होजच्या मुखाशी सुमारे एक मिलिमीटरच्या छिद्राची अडणी ठेवतात. त्यामुळे काटा थरथरत नाही, आणि होज फुटलीच तर गाडी थांबविण्याइतकी मुदत मिळते. आट्यांचा घोटाळा येथेच होतो. पाव इंचाच्या निम्म्या मापाचे ब्रिटिश पाइप-आटे इंचाला 28, कोन 55 अंशांचा. अमेरिकन आटे 27, कोन 60 अंशांचा. एकात दुसरे दोन-तीन फेरे बिनतक्रार जाते, मग घट्ट होते, आणि ते बसले असे समजून पाना ओढणारा नवा कारागीर गॅलरीच्या तोंडाशीच दुसरी तडक निर्माण करतो. शिवाय एकतारी सेन्सरला विजेचे अर्थिंग आट्यांतूनच मिळते. रबरी होज मध्ये आली की ते तुटते, आणि दाब उत्तम असूनही काटा खोटेच सांगतो. त्यासाठी ब्लॉकवरून सेन्सरच्या अंगाला वेगळी तार घ्यावी लागते.

पॅकिंगची पेस्ट पुरती सुकल्यावर तेल भरतात आणि इंधन बंद ठेवून, काटा हलेपर्यंत, नुसते स्टार्टरवर इंजिन फिरवितात. मग टीच्या मोकळ्या तोंडाला तात्पुरता बूर्दोंचा मीटर लावून दोन्ही आकड्यांची रुजवात घालतात, आणि ती पटली की तेथे प्लग ठोकतात. बिलावर मिस्त्री एक शर्त न विसरता लिहून देतात: 500 किलोमीटरनंतर गाडी खड्ड्यावर आणून चेंबर पुसून दाखवावा, न आणल्यास गळतीची तक्रार चालणार नाही.