तुमचं सॉफ्टवेअर कसं बिल्ड झालं होतं? मुकादम स्पॅकची ओळख

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी चार महिने एका प्रथिनाची सिम्युलेशन्स चालवत होते. ग्रोमॅक्स सोबत प्लुमेड, आमच्या संस्थेचा क्लस्टर, रात्री जॉब टाकायचा आणि सकाळी बघायचं. तिसऱ्या वर्षी पेपर पाठवला, रिव्ह्यूअरने दोन आणखी तापमानांना रन मागितले. मागणी रास्त होती. पण मधल्या काळात क्लस्टरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली होती. मी जुनं ग्रोमॅक्स सुरू केलं, तर एका ओळीत उत्तर आलं: अमुक शेअर्ड लायब्ररी सापडत नाही.

ठीक आहे, म्हटलं, परत बिल्ड करू. पण कसं केलं होतं? सीमेकची ती लांबलचक ओळ मी कुठेही लिहून ठेवली नव्हती. बॅशच्या इतिहासात असेल असं वाटलं, पण तो शेवटच्या हजार ओळींच्या पलीकडचं विसरलेला होता. होम फोल्डरमध्ये तीन डिरेक्टऱ्या सापडल्या: ग्रोमॅक्स_न्यू, ग्रोमॅक्स_न्यू२ आणि ग्रोमॅक्स_फायनल. तुम्ही कुठल्याही लॅबमध्ये सहा महिने काढले असतील तर ही नावं तुम्हाला नवीन नाहीत.

अंदाजाने बिल्ड केलं, जुनाच एक रन परत चालवला, आणि सरासरी मूल्य जुन्यापेक्षा वेगळं आलं. फार नाही, पण मी छापलेल्या एरर बारच्या बाहेर. आता प्रश्न असा की हा फरक बिल्डमुळे आला की माझ्या विज्ञानात काही चुकलंय? पाच आठवडे मला याचं उत्तर देता आलं नाही. ते पाच आठवडे तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

आधी बिल्ड म्हणजे काय ते नीट बघू. ग्रोमॅक्स २०२१.४ असं आपण पेपरात लिहितो, पण ते एकच सॉफ्टवेअर नसतं. सोर्स कोड एक, त्यातून बनणारे बायनरी अनेक. सिंगल प्रिसिजनच्या जवळचं 'मिक्स्ड' की डबल? एमपीआय लावून की न लावता? कुठला कंपायलर, त्याची कुठली आवृत्ती? फूरिए ट्रान्सफॉर्मसाठी कुठली लायब्ररी? प्रोसेसरच्या कुठल्या व्हेक्टर सूचना वापरायच्या, एव्हीएक्स२ की एव्हीएक्स-५१२? असे सहा प्रश्न आणि प्रत्येकाला दोनच उत्तरं धरली तरी चौसष्ट वेगवेगळी ग्रोमॅक्स होतात. यातली काही निवड फक्त वेगावर परिणाम करते, काही निकालावरही करते. नॉर्मल मोड अ‍ॅनालिसिस करायचं असेल तर डबल प्रिसिजनच हवं. मिक्स्डमध्ये बल तेवढं शून्याजवळ नेता येत नाही.

एक गोष्ट आत्ताच करून बघा. तुमच्या ग्रोमॅक्सच्या कुठल्याही जुन्या लॉग फाइलचा वरचा भाग उघडा. तिथे आवृत्ती, प्रिसिजन, व्हेक्टर सूचना, एफएफटी लायब्ररी, कंपायलर आणि त्याचे फ्लॅग, सगळं छापलेलं असतं. आपण ते कधी वाचत नाही, थेट खाली ऊर्जेच्या तक्त्याकडे जातो. मला अर्धी माहिती तिथूनच परत मिळाली. म्हणून डिस्क कोटा संपला की ट्रॅजेक्टरी उडवा हवं तर, लॉग उडवू नका.

आता रॅपरकडे येऊ. रॅपर म्हणजे असा प्रोग्राम जो स्वतः काम करत नाही, काम करणाऱ्याला योग्य सूचना देऊन बोलावतो. तुम्ही नकळत एक वापरतच असता: एमपीआयसीसी. नाव कंपायलरसारखं आहे, पण तो कंपायलर नाही. तो आतून साधा जीसीसी बोलावतो आणि एमपीआयच्या हेडर व लायब्ररींचे पत्ते त्याला चिकटवतो. ओपनएमपीआयमध्ये त्याला 'शोमी' हा पर्याय दिला, तर आतली खरी आज्ञा तो छापून दाखवतो. एकदा बघाच, बरंचसं गूढ तिथेच संपतं.

स्पॅक हे याच जातीचं, पण खूप मोठं साधन. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर नॅशनल लॅबोरेटरीत टॉड गॅम्बलिन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं आणि २०१५ च्या सुपरकॉम्प्युटिंग परिषदेत त्यावर पेपर आला. बांधकामावरचा मुकादम डोळ्यासमोर आणा. तो स्वतः वीट रचत नाही. गवंडी कोण, सुतार कोण, सिमेंट कुठलं, कुणाच्या आधी कोण येणार, हे तो ठरवतो आणि वहीत लिहितो. स्पॅकही सीमेक, मेक आणि जीसीसी यांनाच बोलावतं. फरक हा की वही तुमच्या आळसावर अवलंबून राहत नाही, ती आपोआप लिहिली जाते.

रूट परवानगी लागत नाही, हा आपल्यासारख्यांसाठी मोठा मुद्दा. उबुंटूवर एप्ट वापरायची सवय असेल तर क्लस्टरवर तुम्ही अडकता: अधिकार नाही, आणि एका वेळी सहसा एकच आवृत्ती. स्पॅक तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये नांदतं आणि एकाच ग्रोमॅक्सच्या दहा तऱ्हा शेजारी शेजारी ठेवू देतं.

मागणी नोंदवायची भाषा छोटी आहे. (आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थात रोमन. कॉपी-पेस्ट जमणार नाही, आणि ते बरंच आहे, हाताने लिहिलेलं लक्षात राहतं.) ओळ अशी दिसते:

स्पॅक इन्स्टॉल ग्रोमॅक्स@२०२१.४ +प्लुमेड +एमपीआय %जीसीसी@१०.२.० टार्गेट=हॅसवेल ^ओपनएमपीआय@४.१.१

@ नंतर आवृत्ती. + म्हणजे हा पर्याय हवा, ~ म्हणजे नको. % नंतर कंपायलर. ^ नंतर ज्यावर हे सॉफ्टवेअर उभं आहे त्या लायब्ररीबद्दलची अट. टार्गेट म्हणजे प्रोसेसर. एवढंच. यातलं काहीही गाळलं तरी चालतं. गाळलेल्या जागा स्पॅक स्वतः भरतं. कुठले पर्याय उपलब्ध आहेत हे 'स्पॅक इन्फो ग्रोमॅक्स' सांगतं.

या जागा भरण्याच्या कामाला काँक्रिटायझेशन म्हणतात, आणि इथे खरी गंमत आहे. एक पॅकेज म्हणतं मला सीमेकची अमुक आवृत्ती किंवा पुढची हवी, दुसरं म्हणतं अमुकच्या पुढची चालणार नाही, तिसऱ्याला एमपीआय हवं पण कुठलं ते त्याला फरक पडत नाही. या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारं उत्तर शोधणं हे संगणकशास्त्रातल्या अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतं. स्पॅक त्यासाठी क्लिंगो नावाचा सॉल्व्हर वापरतं, जो जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठात तयार झालाय. पूर्वी हेच काम आपण सीनियरला विचारून आणि एररचे मेसेज गूगल करून करायचो.

इन्स्टॉल करण्याआधी नेहमी 'स्पॅक स्पेक' चालवा. काय काय बिल्ड होणार त्याचं पूर्ण झाड ते छापतं आणि प्रत्यक्षात काहीच करत नाही. मी पहिल्यांदा ही पायरी गाळली आणि पायथन, पर्ल, एवढंच काय सीमेकसुद्धा सोर्सपासून बिल्ड होत बसलं. संध्याकाळी कोटा भरला.

ठरलेल्या झाडातून स्पॅक एक हॅश काढतं, बत्तीस अक्षरांचा, आणि तो इन्स्टॉलच्या डिरेक्टरीच्या नावातच जातो. एक पर्याय बदलला की हॅश बदलला, डिरेक्टरी वेगळी झाली. ग्रोमॅक्स_फायनल२ नाव द्यायची वेळच येत नाही. शिवाय प्रत्येक इन्स्टॉलच्या आत 'डॉट स्पॅक' नावाचं लपलेलं फोल्डर असतं. त्यात पूर्ण स्पेक आणि बिल्ड होताना पडद्यावर जे जे आलं ते सगळं साठवलेलं असतं. बिल्ड करणारा सीनियर पोस्टडॉकला निघून गेला तरी त्याने काय केलं होतं ते वाचता येतं.

बिल्ड करताना स्पॅक कंपायलरच्या जागी स्वतःचा रॅपर बसवतं, एमपीआयसीसीसारखाच. ग्रोमॅक्सला वाटतं आपण जीसीसीशी बोलतोय. मध्ये बसलेला रॅपर ठरलेल्या लायब्ररींचे पत्ते घालतो, आणि ते पत्ते बायनरीच्या आत आरपाथ म्हणून कोरून ठेवतो. त्यामुळे चालवताना एलडी लायब्ररी पाथच्या कसरती कराव्या लागत नाहीत. कुणी भलतंच मॉड्यूल लोड केलं म्हणून भलतीच लायब्ररी सहसा उचलली जात नाही.

टार्गेटबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे बहुतेक जण आपटतात. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर स्पॅक ज्या यंत्रावर बसलंय त्याचा प्रोसेसर बघतं. तुम्ही बसलेले असता लॉगिन नोडवर. तो नवा असेल, एव्हीएक्स-५१२ वाला, आणि कॉम्प्युट नोड जुने असतील, तर बिल्ड व्यवस्थित होतं, लॉगिन नोडवर चाचणीही पास होते, आणि रांगेत दोन दिवस थांबलेला जॉब पहिल्याच सेकंदाला 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. प्रोसेसरला माहीतच नसलेली सूचना त्याला दिली गेलेली असते. कॉम्प्युट नोडवर एक छोटा जॉब टाकून त्यात 'स्पॅक आर्च' चालवा, जे नाव येईल ते टार्गेट म्हणून द्या. नोड मिश्र असतील तर त्यातल्या सर्वात जुन्याचं द्या. थोडा वेग जाईल, जाऊ दे.

संशोधनासाठी मला सर्वात उपयोगी पडलेला भाग म्हणजे एन्व्हायर्नमेंट. एका प्रकल्पाला एक. 'स्पॅक एन्व्ह क्रिएट' ने तयार करायचं, अ‍ॅक्टिव्हेट करायचं, 'स्पॅक अ‍ॅड' ने हवी ती पॅकेजेस टाकायची, मग काँक्रिटाइझ आणि इन्स्टॉल. यातून दोन फाइली मिळतात. स्पॅक डॉट याम्लमध्ये तुम्ही काय मागितलं ते असतं, आणि स्पॅक डॉट लॉकमध्ये प्रत्यक्षात काय ठरलं ते, शेवटच्या लायब्ररीपर्यंत. दोन्ही गिटमध्ये टाका, तुमच्या एमडीपी फाइलींच्या शेजारीच. माझ्या थिसिसच्या परिशिष्टात प्रत्येक प्रकरणासाठी हॅशची एक ओळ आहे. गाइडनी आधी भुवया उंचावल्या होत्या, आता दुसऱ्यांकडेही मागतात.

सगळं गोड नाहीये. स्पॅक हजारो लहान फाइली तयार करतं, त्यामुळे जागा शिल्लक असताना फाइलसंख्येची मर्यादा आधी संपते. पहिलं इन्स्टॉल तासन्‌तास चालतं. ते लॉगिन नोडवर सोळा प्रक्रिया लावून करू नका, अ‍ॅडमिनचा मेल येतो (मला आलाय). एमपीआय स्वतः बिल्ड करण्याआधी चौकशी करा. क्लस्टरवर इन्फिनीबँडसाठी जुळवलेलं एमपीआय आधीच असेल तर पॅकेजेस डॉट याम्लमध्ये ते 'एक्स्टर्नल' म्हणून नोंदवा आणि 'बिल्डेबल फॉल्स' लिहा. नाहीतर स्पॅक आपलं वेगळं एमपीआय बनवेल, तेही चालेल, पण नोडांमधलं बोलणं रखडत होईल. आणि ज्या गोष्टी बाहेरून घेतल्या त्यांची हमी स्पॅक देत नाही. उद्या अ‍ॅडमिनने ते एमपीआय हलवलं, तर माझ्यासारखीच एरर तुम्हालाही येईल. फरक इतकाच की तेव्हा परत काय बिल्ड करायचं हे तुम्हाला माहीत असेल.

आणखी एक गैरसमज. बिल्ड हुबेहूब तेच केलं म्हणजे ट्रॅजेक्टरीही हुबेहूब तीच येईल असं नाही. रेणूंची गती केऑटिक असते. बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो आणि काही पिकोसेकंदांत मार्ग वेगळे होतात. समांतर रनमध्ये हा क्रम दर वेळी बदलू शकतो. ग्रोमॅक्समध्ये त्यासाठी 'रेप्रॉड' पर्याय आहे, पण तो फक्त दोष शोधताना वापरायचा. रोजच्या कामात तुम्ही सरासऱ्यांची तुलना करता, मार्गांची नाही.

माझ्या त्या फरकाचंही शेवटी असंच उलगडलं. लॉगमधून मिळालेली माहिती आणि थोडा तर्क लावून मी स्पॅकने चार वेगवेगळी बिल्ड तयार केली: दोन कंपायलर, दोन टार्गेट. प्रत्येकावर तोच रन वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी पाच-पाच वेळा चालवला. बिल्डनुसार गट पाडले तर काहीच फरक दिसला नाही. पण एकाच बिल्डच्या पाच रनमध्ये मात्र मूल्यं माझ्या छापील एरर बारच्या दुपटीने पसरलेली होती. म्हणजे बिल्ड निर्दोष होतं. माझं सॅम्पलिंग अपुरं होतं आणि एरर बार मी खूपच लहान काढला होता, कारण ब्लॉक अ‍ॅव्हरेजिंगमध्ये ब्लॉक आखूड घेतले होते.

रिव्ह्यूअरला तसं लिहिलं, आकृती बदलली, एरर बार मोठे झाले, एक दावा काढून टाकावा लागला. ब्लॉक किती लांब घ्यायचा हे कसं ठरवायचं, ते पुढच्या लेखात.