अनेक भाषा आणि स्मरणशक्ती

घरी मराठी अगर दखनी, बाजारात तेलुगू, शाळेत इंग्रजी. एवढ्या भाषांनी मुलांच्या डोक्यावर भार पडतो, तेव्हा घरची भाषा सोडावी काय, असे पालक मला नेहमी विचारतात. त्यांस आपल्याच शहरातील एक संशोधन सांगावेसे वाटते.

येथील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. पैकी ३९१ जणांस एकाहून अधिक भाषा येत होत्या. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा त्यांस हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडला. हा शिक्षणाचा परिणाम म्हणावा, तर निरक्षरांतही फरक दिसला. (आम्हा शिक्षकांचा गर्व येथे थोडा उतरतो!)

विकार मुळीच होत नाही, असे मात्र नव्हे. टोरोंटो येथील २०१२ सालच्या अभ्यासात मेंदूची सी. टी. चित्रे तपासली, तेव्हा द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूची झीज अधिक आढळली. तरी त्यांची बुद्धी इतर रुग्णांइतकीच चालत होती. एक भाषा बोलताना दुसरी आवरून धरावी लागते; या नित्याच्या कसरतीने मेंदूची शक्ती साठत असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

दोहोंपलीकडच्या भाषांनी हैदराबादच्या रुग्णांत जादा लाभ दिसला नाही. तेव्हा मुलांमागे पाच भाषांचा लकडा लावण्याचेही कारण नाही.