उसाचा हिशोब तोंडपाठ, चुलीचा कुणी ठेवायचा?



आपल्या कार्यक्षेत्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, गेल्या साली एकरी किती टन ऊस गेला, युरियाच्या किती पिशव्या लागल्या, तोडणीला किती दिवस उशीर झाला. सगळं तोंडपाठ असतं. त्यालाच विचारा, घरात वर्षाला तूरडाळ किती लागते? तो आत हाक मारतो, "अगं, किती लागती गं डाळ आपल्याला?" आतूनही उत्तर येते, "आणली की संपती." बहुतेक घरांत हिशोब इथेच थांबतो.

आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. आपल्या रानात ऊस आला आणि घरात पैसा आला हे खरे, पण त्याच वेळी कोठीतली ज्वारी, तूर, मटकी, लसणाच्या जुड्या निघून गेल्या. पूर्वी बाजारातून मीठ आणि कापड आणायचे. आज सभासदाच्या घरची मेथीची जुडीसुद्धा आठवड्याच्या बाजारातून येते. उसाचे बिल वर्षातून दोन-तीनदा मिळते, पोट रोज दोनदा मागते. मधल्या काळात वाण्याची वही चालू. त्या वहीत व्याज लिहिलेले नसते, ते भावात धरलेले असते.

आता डाळीचाच हिशोब मांडू. सहा माणसांचे घर, माणशी दिवसाला 40 ग्रॅम डाळ. रोजची 240 ग्रॅम, म्हणजे वर्षाची 87-88 किलो. पाहुणेरावळे, पुरणाचे सण धरून 95 किलो म्हणा. गिरणी चांगली असेल तर क्विंटलभर तुरीची 70 किलोच्या आसपास डाळ निघते, चुणी-टरफल जनावरांच्या पाटीत जाते. म्हणजे घराला सव्वा ते दीड क्विंटल तूर पुरे. पाण्याखालच्या दहा-बारा गुंठ्यांत, साल बरे असेल तर, एवढी तूर होते. दहा गुंठे ऊस कमी लावला तर किती टन घटतील आणि वर्षाची डाळ विकत घेतली तर किती पैसे जातील, हे दोन आकडे ज्याने त्याने आपल्या भावाने मांडून पाहावेत. सगळ्यांना तूर परवडेलच असे आम्ही म्हणत नाही. पण हिशोब न करता "उसापुढं कशाला ती तूर" असे म्हणणे काही खरे नाही.

ज्यांना रान मोकळे करायचे नाही त्यांनी निदान खरेदीची वेळ साधावी. डिसेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत नवी तूर बाजारात येते. पाठोपाठ हरभरा, ज्वारी, लाल मिरची आणि मग गहू. ज्यांचा ऊस हंगामाच्या पहिल्या निम्म्यात तुटतो त्यांची पहिली उचल साधारण याच दिवसांत हाती येते. त्या पैशातून आधी वर्षाची बेगमी करावी, मग मोटारसायकलचा विचार. जून-जुलैत पोरांच्या फिया, खते, बी-बेणे एकदम अंगावर येतात आणि तेव्हाच डाळ अर्धा-अर्धा किलोने उधार आणावी लागते, ही तऱ्हा घरोघरी आहे.

साठवण मात्र नीट हवी, नाहीतर पोरकिडे आपल्याआधी जेवतात. धान्य कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे. दाणा दाताखाली कट्कन वाजला की वाळला समजावे. गरम गरम कोठीत भरू नये. आत घाम धरतो आणि जाळी होते. रात्रभर पसरून गार होऊ द्यावे, मग भरावे. डाळीला थोडे एरंडेल चोळून ठेवायची आपल्या आयांची रीत आजही खोटी ठरलेली नाही. एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात, त्या राहत्या घरात मुळीच वापरू नका. त्यातून निघणारा वायू किड्याला मारतो तसा शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही मारतो.

आता चुलीकडे वळू. आपल्या भागातल्या भगिनींची नेहमीची तक्रार, डाळ शिजत नाही. वाण्याने जुनी डाळ दिली असेल तर तसे होतेच. पण पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिल्याने जिथे जमिनी खारवट झाल्या, तिथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणीही जड झाले आहे. जड पाण्यातले क्षार डाळीच्या दाण्याला आतून घट्ट धरून ठेवतात. मग शिट्ट्या करा नाहीतर लाकडे घाला, डाळ टणटणीत. म्हणजे रानात जास्त सोडलेल्या पाण्याची किंमत स्वयंपाकघरात गॅसच्या रूपाने मोजावी लागते, हे आपल्या लक्षात येत नाही. अशा घरांनी डाळीपुरते तांब्याभर गोडे पाणी वेगळे ठेवावे. पावसाचे धरलेले असो, की गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्राचे. तेही नसेल तर पाणी उकळून, निववून, तळाचा गाळ सोडून वरचे घ्यावे. जडपणा थोडा तरी उतरतो. चिमूटभर सोडा टाकला की डाळ लवकर मऊ होते खरी, पण डाळीतले ब जीवनसत्त्व त्याने नासते, म्हणून रोजची सवय नको.

तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजली आणि हरभरा, वाटाणा, चवळी रात्रभर भिजली तर शिजायला किती कमी वेळ लागतो, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ मऊ झाल्यावरच घालावे. आंबट आधी पडले की दाणा आखडतो. कुकरचेही तसेच. आत वाफ कोंडली की पाणी 120 अंशांच्या आसपास तापते, म्हणून कुकर लवकर शिजवतो. पहिली शिट्टी झाल्यावर खालचा जाळ मोठा ठेवून आत जास्त काही तापत नाही, नुसती वाफ शिट्टीवाटे पळते. शिट्टीनंतर जाळ बारीक करावा. शिट्ट्या मोजणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण सिलिंडर चार दिवस जास्त जाईल. एकाच कुकरात खाली डाळ, मधे भात, वर बटाटे किंवा वांगी असे तीन डबे लावले की एका जाळात तिन्ही होतात. शेगडीची ज्योत पिवळी येऊन भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची भोके साफ करून घ्यावीत. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि पुरुषांनाही जमते.

वेळ वाचवण्याच्या नावाखाली हल्ली तयार मसाल्यांच्या पुड्या आणि दोन मिनिटांच्या शेवया खेड्यात आल्या आहेत. आम्हाला त्यांचा राग नाही, पण आपल्याकडे याहून जुनी आणि स्वस्त सोय आहे. नगर-मराठवाड्याकडच्या घरांत येसूर असतो. धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेले पीठ. फोडणीत पाणी उकळले, त्यात येसूर कालवून सोडला, की आमटी तयार. दुपारी तोडीवरून घरी आलेल्या बाईला याहून लवकर होणारे कालवण आम्हाला तरी माहीत नाही. पिठले आहेच. उन्हाळ्यात घातलेले सांडगे श्रावण-भाद्रपदात भाजी महागते तेव्हा हात देतात. शेंगदाण्याचा कूट आठवड्याचा एकदम करावा, जवसाची आणि कारळ्याची चटणी डब्यात असावी. डाळ एकदाच जास्त शिजवावी. सकाळी साधे वरण, उरलेली झाकून थंड जागी ठेवून रात्री खळखळ उकळून चिंच-गुळाची आमटी. मात्र उन्हाळ्यात वरण बाहेर राहिले तर आंबते, तेव्हा ही काटकसर थंडीतच बरी, किंवा फ्रीज असेल त्याने करावी.

सवलतीच्या दराने घरी येणाऱ्या साखरेबद्दलही एक शब्द. ती स्वस्त पडते म्हणून चहात मूठभर टाकायची नसते. कारखान्याच्या वार्तापत्रात हे छापावे का, यावर आमच्यात थोडा वाद झाला, पण मधुमेह सभासद आणि बिगरसभासद असा भेद करत नाही.

भाजीचे म्हणाल तर उसाच्या सरीतच जागा आहे. सुरू उसात पहिले दोन-अडीच महिने मेथी, कोथिंबीर, मूग, गवार निघते. पूर्वहंगामी लावणीत कांदा, लसूण, हरभरा, कोबी येतो. आडसालीत भुईमूग. सगळ्या रानात नको, घरापुरत्या चार-सहा सऱ्या पुष्कळ झाल्या. त्या सऱ्यांत तणनाशक मात्र मारायचे नाही. मारले तर भाजी नीट उगवत नाही, आणि उगवली तरी ती खाण्याजोगी नव्हे. फवारणी करणाऱ्या गड्याला त्या सऱ्या खुणेची काठी रोवून दाखवून ठेवाव्यात, नाहीतर तो सरसकट पंप मारून मोकळा होतो. आणि मोरीचे पाणी परसात सोडून तिथे अळू, कढीपत्ता, शेवगा लावायला तर कारखान्याच्या शेतकी खात्याचीही गरज नाही.

शेवटी गोबरगॅसविषयी. 1981-82 पासून सरकारने याचा देशभर कार्यक्रम राबवला आणि गोठ्यांमागे टाक्या झाल्या. आज त्यातल्या पुष्कळ झाडोऱ्यात गेल्या आहेत. लोखंडी डोम गंजले, कुठे शेण रोज पडेना, कुठे सिलिंडर आल्यावर कुणी लक्षच दिले नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. नियमित चालवले तर त्याचा रोजचा गॅस पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसाइतका होतो. 14.2 किलोचे सिलिंडर 15 ते 20 दिवसांत भरून निघते, थंडीत जरा कमी. ज्यांच्याकडे दुभती जनावरे दावणीला आहेत आणि टाकी नुसती पडून आहे, त्यांनी गवंड्याला एकदा दाखवावी. वीटकाम शाबूत असेल तर दुरुस्ती नव्या टाकीपेक्षा स्वस्त पडते. शेण कालवण्याचे काम घरच्या बाईवर टाकू नये. सकाळी धारा काढणाऱ्यानेच ते करून जावे, म्हणजे टाकी बंद पडत नाही. बाहेर येणारी मळी खड्ड्यात पाचटावर सोडावी किंवा पाण्याबरोबर खोडव्याच्या सरीत द्यावी.