मनोऱ्यांचं कादिझ

दार बंद होतं. मधोमध पांढरं, खोलगट, मोठ्या ताटासारखं काहीतरी आहे आणि त्याभोवती आम्ही दाटीवाटीनं उभे आहोत. गाईड मुलगी छतावरचं भिंग फिरवते आणि त्या ताटात स्पेनमधलं हे अख्खं कादिझ शहर उतरतं. ही चित्रफीत नाही, बाहेर या क्षणी चाललेलंच दिसतंय. गच्चीवर चादरी फडफडताहेत. एक बाई वाळलेले कपडे गोळा करतेय. समुद्रपक्षी या कडेवरून त्या कडेला जातो. आवाज मात्र कशाचाच नाही.

भिंग पुढे सरकतं तसे गच्च्यांवरचे मनोरे दिसू लागतात. आजही ते शंभराहून अधिक आहेत. 1717 मध्ये अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी सेव्हिलहून इथं आली आणि पैसा शहरात शिरला. मग आपलं जहाज परतताना सगळ्यांच्या आधी दिसावं, म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे चढवले. आम्ही उभे आहोत तो तोर्रे ताविरा 1778 मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा झाला. पहिल्या टेहळ्याचं आडनाव त्याला चिकटलं, ते कायमचं.

गच्चीवर येतो तर लख्ख ऊन आणि तोंडावर पूर्वेचा कोरडा लेवान्ते वारा. तिन्ही बाजूंना पाणी. कॅथेड्रलचा पिवळा घुमट चकाकतोय. खाली उतरून त्याच्यासमोर गेल्यावर कळतं, की भिंती खाली एका रंगाच्या आहेत, वर दुसऱ्या. 1722 मध्ये सुरू झालेलं बांधकाम 1838 पर्यंत रेंगाळलं. तोवर वसाहती हातच्या गेल्या, पैसा आटला आणि वरच्या भागाला स्वस्त दगड लागला. साम्राज्याचा जमाखर्च असा भर चौकात मांडलेला.

गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांमधून आकाशाची फक्त पट्टी दिसते. घरांच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या गाडल्यात. गाड्यांच्या चाकांनी भिंत खरवडू नये, म्हणून ही सोय. मंडईजवळ तळणीचा वास अडवतो. बारीक कोळंबी घातलेल्या पातळ, जाळीदार तोर्तियीता कढईतून निघताहेत. पहिल्याच घासाला कोकणातली जवळ्याची भजी आठवतात. इथलं पीठ मात्र अधिक पातळ, आणि कुरकुरीतपणा असा, की बोलणं थांबवून खावं.

संध्याकाळी ला कालेता. दोन किल्ल्यांच्या मधोमध छोटीशी पुळण. ओहोटीनं रंगीत होड्या वाळूवर कलल्यात. तटाच्या दगडाला हात लावला तर बोटांना शिंपले लागतात, कारण समुद्रातल्या शिंपल्यांचाच हा दगड बनलाय. वाळूत घडीची टेबलं मांडून आजीबाईंचा बिंगो रंगलाय. जावई पाण्यात, नातवंडं होड्यांखाली, डब्यांमधून ऑम्लेट फिरतंय. ज्या क्षितिजाकडे डोळे लावून शहरानं मनोरे उभारले, त्याच्याकडे या सगळ्यांची सरळ पाठ आहे. कुणाचं जहाज यायचं राहिलेलं नाही.

‘लीनेआ!’ पलीकडच्या टेबलावरून एकजण ओरडते. ओळ भरली म्हणे. शेजारीण चष्मा लावून तिचं तिकीट तपासायला उठते, आणि भांडण जुंपतं.