सर, रोज्यातही पळता का?

रमजानचा चाँद दिसला की दोन-चार दिवसांत हा प्रश्न येतोच. वर्गातली मुलं विचारतात, मशिदीच्या पायरीवर चपला शोधता शोधता बुजुर्ग विचारतात, हिंदू मित्र तर मुद्दाम फोन करून विचारतात. बाकीचे अकरा महिने वालूरमध्ये मला वेगळे प्रश्न असतात. ‘सर, शुगर निघाली का?’ हा पहिला. चाळिशी ओलांडलेला, दाढी पिकत चाललेला, कॉलेजात शिकवणारा माणूस पहाटे ट्रॅकपँट घालून डांबरी रस्त्यानं पळतोय म्हणजे डॉक्टरानंच सांगितलेलं असणार, याबद्दल गावाला शंका नाही. ‘कुणी मागं लागलंय का?’ हा दुसरा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं दिलं की समोरच्याचा चेहरा आणखी गोंधळतो.

सेलू तालुक्यातलं वालूर हे जुनं गाव. इथल्या बारवांपैकी एक, गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची, गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, तेव्हापासून बाहेरची माणसं ती बघायला येतात. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना काळं रान. पहाटेच्या अंधारात त्या रस्त्यावर माझ्याशिवाय असतात ती भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्याचा वेळ कमी करण्यासाठी त्यांची घासाघीस चाललेली असते. त्यांच्या लेखी पळणं म्हणजे नोकरीचा अर्ज. मी मात्र वर पैसे भरून पळतो, बक्षीस मिळण्याची सुतराम शक्यता नसताना पळतो, हे त्यांना आजवर मी पटवून देऊ शकलेलो नाही.

हौशी धावपटू म्हणजे काय, हे शर्यतीत उतरल्याशिवाय कळत नाही. माझी पहिली मोठी शर्यत मुंबईची अर्धमॅरेथॉन. 2004 पासून साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ही मॅरेथॉन होते. सेलूहून रात्रीची देवगिरी पकडायची, आदल्या दिवशी जाऊन बिब घ्यायचं, बिबला चिकटवलेली चिप मोडू नये म्हणून ते वहीत सपाट ठेवायचं आणि रात्री झोप न येता पडून राहायचं. पहाटे माहीमच्या रेतीबंदरला हजारो माणसं अंधारात उभी असतात. वांद्रे-वरळी सी-लिंकवर एरवी पायी जायला मनाई. त्या दिवशी खाली काळा समुद्र आणि वर फक्त पावलांचा आवाज. मग वरळी, हाजी अली आणि पेडर रोडचा तो चढ, जिथं भले भले चालू लागतात.

पण मला त्या दिवसाचं सर्वांत जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. मुंबईत बिबवर नाव छापलेलं असतं. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या फोडी, चिक्की, मिठाची डबी घेऊन उभी असलेली माणसं, आज्या, शाळकरी मुलं ते नाव वाचतात आणि मोठ्यानं हाक मारतात. नाव सांगितल्यावर भाड्याच्या खोलीचा भाव बदलतो किंवा खोलीच भरलेली निघते, हे ज्यानं आयुष्यात दोन-चारदा पाहिलंय, त्याला परक्या शहरात अनोळखी माणसं त्याच नावानं ‘चला, चला, थोडंच राहिलं’ म्हणतात, तेव्हा पायांत काय येतं ते सांगणं अवघड आहे. मी आजही नाव छापणाऱ्या शर्यती आधी शोधतो.

पुढे साताऱ्याची हिल मॅरेथॉन केली. यवतेश्वरचा घाट पहिल्या अर्ध्यात चढायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात उतरायचा. उतार सोपा असेल असं वाटणाऱ्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी उत्तर देतात. आमच्या परभणीच्या ज्योती गवते यांनी 2017 मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला, पूर्ण 42 किलोमीटर तीन तासांच्या आत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. मराठवाड्याची माती पळणाऱ्यांची आहे, हे सांगायला मला ही दोन नावं पुरतात. आमच्यासारखे मागून येणारे मात्र वेळेची मर्यादा संपायच्या आत पोचलो की खूश.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना हे सगळं पसंत नव्हतं. पळणं माणसाच्या वकाराला, भारदस्तपणाला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना हदीसची आठवण दिली. प्रेषित आणि हजरत आयेशा यांनी एकमेकांशी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा आयेशा जिंकल्या. पुढे त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित जिंकले आणि हसत हसत म्हणाले की फिटंफाट झाली. बुजुर्ग थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वो नबी थे. तुम प्रोफेसर हो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हजला जाऊन आलेल्यांना मी आणखी एक गोष्ट विचारतो. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारतात, मिळून तीनेक किलोमीटर, त्या बीबी हाजरांच्या आठवणीत; तान्ह्या मुलासाठी पाणी शोधत त्या धावल्या म्हणून. हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात आज पुरुष धावतात आणि बायकांनी चालायचं असतं. धावली ती बाई होती, एवढं तरी आपल्या मुलींना सांगायला काय हरकत आहे?

आता रोज्याचं. यंदा रोजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले. आपल्याकडे या दिवसांत पहाटे साडेपाचच्या सुमारास सहरी बंद होते आणि सायंकाळी साडेसहाच्या आसपास इफ्तार. म्हणजे सुमारे तेरा तास पाण्याचा थेंबही नाही. उपाशीपोटी पळणं एवढं अवघड नाही. शरीराजवळ साठा असतो. खरी अडचण पाण्याची. पळताना तासाभरात अर्धा लिटर ते लिटरभर घाम सहज जातो, उन्हात त्याहून जास्त. आणि जाणारं पाणी सकाळी सात वाजता गेलं, तर ते परत यायला सायंकाळ उजाडते.

म्हणून माझा नियम साधा आहे. रमजानमध्ये सकाळचं पळणं बंद. इफ्तारच्या आधी पाऊण तास, बारवेपासून घरापर्यंतचा छोटा फेरा, बोलता येईल इतक्याच गतीनं. चक्कर आली तर घर हाकेवर असावं. दमून दारात शिरावं तो अजान आणि हातात खजूर. ज्या दिवशी परीक्षेचं काम असतं, त्या दिवशी तरावीहनंतर चालतो. सहरीला आमच्या घरी निजामाच्या काळापासूनची खिचडी, खिमा आणि खट्टा. चवीला त्याला तोड नाही, पण दुपारी दोन वाजता तो खट्टा तहान होऊन परत येतो. त्यामुळं पळायच्या दिवशी मी ज्वारीची भाकरी, दही आणि अंडी खातो, आणि घरच्यांचे टोमणे. शुगर किंवा बीपी असलेल्यांनी माझं काहीही ऐकू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

जगातल्या मोठ्या धावपटूंचं काय, हेही लोक विचारतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी रमजान सुरू होता. मो फराहनं रोजे पुढे ढकलले, दहा हजार आणि पाच हजार मीटर दोन्ही जिंकली. नेदरलँड्सची सिफान हसन 2023 मध्ये रोजे ठेवून सराव करत होती आणि ईद झाल्यावर दोनच दिवसांत लंडनची मॅरेथॉन धावली. आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. मधेच थांबून तिनं कंबर ताणली, मागं पडली, पुन्हा पुढच्यांना गाठलं आणि जिंकली. पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिकचं सुवर्ण घेताना ती हिजाब घालून उभी राहिली. दोघांनी दोन वाटा धरल्या. दोघांचं पोट त्या पायांवर चालतं. आपलं तसं नाही. आजाऱ्याला आणि मुसाफिराला सवलत आहे, सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात. हौशीला सवलत कुठल्या खात्यातून द्यायची? माझं मत स्पष्ट आहे: रोजा आणि शर्यत समोरासमोर आली तर वाकायचं शर्यतीनं.

हे मत गेल्या रमजानमध्ये घरातच कसाला लागलं. मराठवाड्यातल्याच एका शहरात रविवारी शर्यत होती. माझ्या भाच्यानं महिनाभर आधी 21 किलोमीटरची फी भरून टाकली होती. भरतीची तयारी करणारा, चोविशीतला गडी. त्याला रोजा ठेवूनच पूर्ण अंतर धावायचं होतं, आणि घड्याळातला नकाशा सगळ्यांना पाठवायचा होता. “मामू, पैसे भर दिया मैं,” एवढाच त्याचा मुद्दा. मी म्हटलं, सकाळी साडेआठला संपवशील, मग इफ्तारपर्यंतचे दहा तास? त्यानं दुसरी वाट काढली: मुसाफिर ठरलो तर रोजा सोडता येईल ना? शहर तेवढं लांब नव्हतं, आणि असतं तरी सवलतीसाठी सफर शोधणारा मुसाफिर मला पटला नसता. त्याहून मला त्या नकाशाची काळजी होती. इबादतीत देखावा शिरला की त्याला रियाकारी म्हणतात. अलीकडे रोज्यात किती किलोमीटर केले हे मिरवणारी पोरं पाहिली की मला हा शब्द आठवतो.

शेवटी तडजोड झाली. मी धावणार नव्हतोच. आयोजकांना पाणी वाटायला माणसं हवी होती, तिथं मी नाव दिलं. माझं टेबल पाच किलोमीटरवर, जिथून दहा किलोमीटरवाले परत वळतात. ठरलं असं की त्यानं आरामात यायचं आणि माझ्या टेबलापाशी वळायचं.

रोज्यात पाणी वाटणं हे एक वेगळंच काम आहे. पेला अर्धाच भरायचा, नाहीतर पळणाऱ्याच्या नाकात जातो. तळाला धरून हात लांब करायचा, म्हणजे त्याला वरून उचलता येतो. “पाणी, पाणी!” असं ओरडत राहायचं. तासाभरात माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या आणि घसा कोरडा. शेजारी एक निवृत्त गुरुजी होते, दरवर्षी वारीला जाणारे. मी रोज्यात आहे हे कळल्यावर त्यांनी ओरडण्याचं काम स्वतःकडं घेतलं. “आमचं बरं आहे सर,” ते म्हणाले, “एकादशी अन् दुप्पट खाशी.” दिवसभरात मी एवढा एकदाच मोठ्यानं हसलो. एक बाई पेला घेऊन पुढे गेल्या, मागे वळून म्हणाल्या, “तुम्हीही घ्या ना, किती वेळ उभे आहात.” गुरुजींनीच परस्पर सांगून टाकलं, “त्यांचं संध्याकाळी.”

भाचा आला तो ठरल्यापेक्षा फार लवकर. आराम वगैरे काही नव्हता, टी-शर्ट पाठीला चिकटलेला. टेबलापाशी थांबला, कमरेवर हात ठेवले, पुढच्या रस्त्याकडं बघितलं.

“मामू, अजून दम आहे.”

“म्हणूनच वळ. दम संपल्यावर वळता येत नाही, गाडी बोलवावी लागते.”

तो पाचेक सेकंद तसाच उभा राहिला. त्याच्या गटातले दोघे पुढं निघून गेलेले दिसत होते. मग न बोलता वळला. निकालात त्याच्या नावापुढं शर्यत अपूर्ण अशी नोंद आली, मेडल नाही. गटातल्या पोरांनी ईदपर्यंत त्याला सोडलं नाही. मेहुण्यांना कळलं तेव्हा ते शर्यतीवर नाही, फी वाया गेली यावर संतापले, आणि तो राग माझ्यावर निघाला. त्या संध्याकाळी इफ्तारला तो माझ्या शेजारी बसला होता, पण माझ्याशी बोलला दुसऱ्या दिवशी.

पण हा प्रश्न मिटणारा नाही, उलट मोठा होत येणार आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि आपल्याकडचा शर्यतींचा मोसम थंडीचा. 2029 मध्ये रमजान 16-17 जानेवारीच्या सुमारास सुरू होईल आणि जानेवारीचा तिसरा रविवार आहे 21 तारखेला. म्हणजे मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ती रोज्यांत येईल, वेळापत्रक असंच राहिलं तर. 2030 मध्येही तेच. त्या वर्षी जानेवारीत एक रमजान आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा.

माझं मत बदललेलं नाही. हिशेब मात्र एका रात्री तरावीहनंतर भाच्यानं आणि मी मांडून पाहिला. अर्धमॅरेथॉन सुटते पहाटे पाचच्या सुमारास. जानेवारीत मुंबईला सहरी बंद होते सहाला थोडा वेळ असताना. म्हणजे पहिला पाऊण तास पळता पळता पाणी पिता येईल; माझ्या गतीनं सहरीचा शेवटचा घोट वरळीच्या आसपास. फजर कुठं पढायची ते ठरेना. भाच्याचं म्हणणं हाजी अली, रस्त्यातच आहे. मी म्हटलं, आधी चाँद तर दिसू दे.